विश्लेषण : कर्करोगाच्या रिपोर्टमागचा माणूस – डॉ. वसंत खानोलकर

कर्करोगाचे निदान एका कागदावर येते. तो कागद लिहिणारा डॉक्टर रुग्णाला बहुधा कधीच भेटत नाही. भारतात या कागदाला शास्त्रीय भरवसा मिळवून देणाऱ्यांत डॉ. वसंत रामजी खानोलकर यांचे नाव सर्वात वर आहे. कागदावरचे निदान अचूक असले तरी ते रुग्णाला समजले नाही, तर पुढे काय होते? खानोलकरांच्या आयुष्याकडे या प्रश्नाच्या अंगाने पाहू.

शहाद्याच्या कागदावरची इंग्रजी

शहादा तालुक्यातील पुरुषोत्तमनगर हे सातपुडा साखर कारखान्याचे गाव. येथील एखाद्या कामगाराच्या तोंडात जखम झाली आणि ती महिना झाला तरी भरत नाही, असे समजा. शहादा किंवा नंदुरबारचे डॉक्टर तुकडा तपासायला सांगतात. काही दिवसांनी एक पानभर इंग्रजी मजकूर हातात पडतो. घरात बोलणे गुजरी, अहिराणी, भिली किंवा पावरीत चालते. कागद वाचतो तो कॉलेजात जाणारा मुलगा किंवा पुतण्या. एक शब्द तो मोबाइलवर शोधतो आणि गप्प होतो. मग घरातले ठरवतात की म्हाताऱ्याला काही सांगायचे नाही.

यानंतरचे दिवस मोलाचे असतात. सुरतेला जायचे की मुंबईला, शस्त्रक्रिया करायची की आधी गावठी औषध करून पाहायचे, शेत गहाण टाकायचे का, हे सगळे ठरते. ज्याच्या शरीराचा प्रश्न आहे, तोच अनेकदा या चर्चेत नसतो. आजार किती पुढे गेला आहे आणि उपचाराने काय साधेल, हे कोणालाच नीट समजलेले नसते.

कोण होते डॉ. खानोलकर?

वसंत रामजी खानोलकर यांचा जन्म १३ एप्रिल १८९५ रोजी क्वेट्टा येथे झाला. क्वेट्टा तेव्हा ब्रिटिश हिंदुस्थानात होते, आज पाकिस्तानात आहे. कुटुंब गोमंतक मराठा समाजातले. वैद्यकीय शिक्षणासाठी ते लंडनला गेले आणि १९२३ मध्ये लंडन विद्यापीठाची पॅथॉलॉजीतील एम.डी. मिळवली. पॅथॉलॉजी म्हणजे विकृतिशास्त्र. आजाराने शरीराच्या पेशींत काय बदल होतात, हे पाहणारे हे शास्त्र आहे.

मुंबईत परतल्यावर त्यांनी ग्रँट मेडिकल कॉलेज आणि सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजात पॅथॉलॉजी शिकवली. त्या काळात हुशार विद्यार्थी शस्त्रक्रिया किंवा औषधशास्त्राकडे वळत, कारण नाव आणि पैसा तिकडे होता. खानोलकर प्रयोगशाळेतच राहिले. भारतातील पॅथॉलॉजी आणि वैद्यकीय संशोधनाचे जनक म्हणून पुढे त्यांचा उल्लेख होऊ लागला.

परळमध्ये टाटा मेमोरियल हॉस्पिटलचे उद्घाटन २८ फेब्रुवारी १९४१ रोजी झाले. त्यामागे टाटा कुटुंबाचे दुःख होते. सर दोराबजी टाटांच्या पत्नी लेडी मेहेरबाई १९३१ मध्ये ल्युकेमियाने गेल्या आणि पुढच्याच वर्षी दोराबजीही गेले. त्यांच्या नावाच्या ट्रस्टमधून हे रुग्णालय उभे राहिले. त्याच्या प्रयोगशाळांची आणि संशोधनाची जबाबदारी खानोलकरांकडे आली.

रिपोर्ट तयार कसा होतो?

जखमेचा किंवा गाठीचा छोटा तुकडा काढला जातो. ही झाली बायोप्सी. तुकडा कुजू नये म्हणून तो फॉर्मॅलिनमध्ये ठेवतात. नंतर त्यातले पाणी काढून त्याला मेणात बसवतात आणि यंत्राने त्याचे काही मायक्रॉन जाडीचे काप घेतात. काप काचेच्या पट्टीवर ठेवून दोन रंगांत रंगवतात. पेशीचे केंद्रक जांभळे-निळे दिसते, बाकीचा भाग गुलाबी.

मग पॅथॉलॉजिस्ट सूक्ष्मदर्शकाला डोळा लावतो. पेशी आपल्या जागी आहेत की शेजारच्या थरात घुसल्या आहेत? त्यांचा आकार एकसारखा आहे का? त्या किती वेगाने दुभंगत आहेत? या उत्तरांवर ठरते की गाठ साधी आहे की कर्करोगाची. यंत्राने काप घेतला तरी निर्णय माणसाच्या नजरेचा असतो. म्हणूनच ही नजर शिकवणारे गुरू आणि तिचा दर्जा राखणाऱ्या संस्था लागतात. खानोलकरांनी दोन्ही कामे केली. देशातील पॅथॉलॉजिस्टांची संघटना उभी करण्यातही त्यांचा पुढाकार होता.

एक हजार रुग्णांनी काय सांगितले?

१९४४ मध्ये खानोलकरांनी अमेरिकेतील ‘कॅन्सर रिसर्च’ या नियतकालिकात मुंबईतील तोंडाच्या कर्करोगावर लेख लिहिला. त्यात सलग १,००० रुग्णांचा आढावा होता. ‘सलग’ हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. बरे झालेले तेवढे निवडायचे किंवा विचित्र तेवढे सांगायचे, असे केले की चित्र फसवे होते. जो येईल तो मोजायचा, ही शिस्त पाळली की आकड्याला अर्थ येतो.

युरोप-अमेरिकेत तोंडाचा कर्करोग तुलनेने कमी होता. मुंबईत मात्र तो वॉर्डात रोज दिसत होता. फरक कशामुळे, हा प्रश्न पडणे साहजिक होते. वंश वेगळा, असे म्हणून विषय संपवता आला असता. खानोलकरांनी माणसे कशी राहतात याकडे पाहिले.

१९४५ मध्ये त्यांनी एका सहकारी संशोधिकेसह भारतीयांच्या सवयींशी जोडलेल्या कर्करोगाच्या तीन प्रकारांवर लेख लिहिला. त्यातला एक पुढे ‘धोतर कर्करोग’ म्हणून ओळखला गेला. कमरेला वर्षानुवर्षे एकाच जागी घट्ट धोतर बांधल्याने कातडीवर घर्षण होते, व्रण होतो आणि क्वचित त्याच जागी कर्करोग होतो. दुसरा ‘खैनी कर्करोग’. तंबाखू आणि चुना मळून खालच्या ओठामागच्या खाचेत ठेवणाऱ्यांना नेमका तेथेच कर्करोग होत होता.

येथे एक गोष्ट लक्षात घ्यावी. काचेच्या पट्टीवर धोतर दिसत नाही. तंबाखूची गोळी कुठल्या बाजूला ठेवली होती, हेही सूक्ष्मदर्शक सांगत नाही. ते रुग्णालाच विचारावे लागते, आणि त्याला उत्तर देता येईल अशा भाषेत विचारावे लागते. रोज किती वेळा खाता, झोपतानाही तोंडात ठेवता का, चुना घालता का, हे साधे प्रश्न आहेत. ते विचारल्याशिवाय आजाराचे कारण हाती लागत नाही.

१९५५ मध्ये डॉ. एल. डी. संघवी आणि के. सी. एम. राव यांच्यासह त्यांनी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आणखी एक अभ्यास मांडला. तंबाखू चघळणे आणि ओढणे यांचा अन्नमार्गाच्या वरच्या भागातील कर्करोगांशी असलेला संबंध त्यात तपासला होता. सिगारेट आणि फुप्फुसाच्या कर्करोगाचा संबंध दाखवणारा डॉल आणि हिल यांचा इंग्लंडमधील गाजलेला अभ्यास १९५० चा. म्हणजे भारतातील विडी आणि तंबाखूचा हिशेब परळमध्ये जवळपास त्याच काळात मांडला जात होता.

संस्था उभी कशी राहिली?

१९५२ मध्ये केंद्र सरकारने परळला इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटर सुरू केले. खानोलकर त्याचे संस्थापक संचालक. १९६६ मध्ये ही संस्था आणि टाटा हॉस्पिटल एकत्र येऊन आजचे टाटा मेमोरियल सेंटर झाले.

खानोलकरांच्या हाताखाली तयार झालेल्यांत मराठी वाचकांना परिचित नाव आहे डॉ. कमल रणदिवे यांचे. पुण्यात जन्मलेल्या रणदिवे यांनी या केंद्रात देशातील पहिली ऊतीसंवर्धन प्रयोगशाळा उभी केली. म्हणजे जिवंत पेशी शरीराबाहेर काचेच्या भांड्यात वाढवण्याची सोय. दुसऱ्या डॉ. सत्यवती सिरसाट. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने पेशी पाहण्यात त्यांनी आयुष्य घालवले. पुढे त्या मुंबईतील शांती आवेदना या संस्थेच्या कामाशी जोडल्या गेल्या. बरे होण्याची आशा संपलेल्या कर्करुग्णांची सेवा करणारे देशातील पहिले केंद्र या संस्थेने १९८६ मध्ये वांद्र्याला सुरू केले.

खानोलकरांनी कुष्ठरोगावर आणि रक्तगटांवरही काम केले. १९६० ते १९६३ या काळात ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू होते. त्यांना पद्मभूषण मिळाले, राष्ट्रीय संशोधन प्राध्यापक म्हणूनही नेमणूक झाली. २९ ऑक्टोबर १९७८ रोजी त्यांचे निधन झाले.

तेव्हा रुग्णाला खरे सांगत होते का?

खानोलकर संचालक होते त्याच काळात, १९६१ मध्ये, अमेरिकेत डोनाल्ड ओकेन या डॉक्टरांनी शिकागोच्या एका रुग्णालयातील २०० हून अधिक डॉक्टरांना विचारले होते, की तुम्ही रुग्णाला कर्करोग असल्याचे सांगता का? सुमारे ९० टक्के डॉक्टरांचा कल न सांगण्याकडे होता. रुग्ण खचेल, आशा सोडेल, असे त्यांना वाटत होते.

१९७९ मध्ये तशाच प्रश्नावलीवर आधारित दुसरी पाहणी रोचेस्टरमध्ये झाली. तेव्हा ९७ टक्के डॉक्टर सांगण्याच्या बाजूने होते. अठरा वर्षांत चित्र उलटे झाले. या काळात उपचार सुधारले होते, त्यामुळे सांगण्यासारखे काही तरी चांगलेही डॉक्टरांकडे होते. रुग्णाचा हक्कही मान्य होऊ लागला होता.

आपल्याकडे आजही अनेक ठिकाणी आधी नातेवाइकांना बाजूला बोलावले जाते. यामागे प्रेम असते, हे नाकारता येत नाही. पण माणसाला अंदाज येतोच. सगळे कुजबुजतात, लांबची बहीण अचानक भेटायला येते, डॉक्टर नजर चुकवतात. मग तो एकटा पडतो. जमिनीचे कागद, मुलीचे लग्न, कोणाशी मिटवायचे भांडण, यावर बोलायची संधी जाते. शिवाय काय होते आहे हे माहीत नसलेला माणूस किरणोपचार अर्धवट सोडून घरी परततो. तोंड सोलले, गिळता येईना, म्हणजे उपचारच बाधला, असे त्याला वाटते. हा त्रास होणार आणि काही आठवड्यांनी तो कमी होणार, हे आधी सांगितले असते तर तो थांबला असता.

खरे सांगायचे म्हणजे सगळे एकदम अंगावर टाकायचे, असे नाही. रुग्णाला किती जाणून घ्यायचे आहे, हे आधी त्यालाच विचारावे. नको म्हणाला तर तोही त्याचा हक्क.

आकडे ऐकायचे कसे?

डॉक्टर अनेकदा पाच वर्षांचा आकडा सांगतात. त्याचा अर्थ रुग्ण पाचच वर्षे जगेल असा नाही. निदानानंतर पाच वर्षांनी शंभरपैकी किती जण हयात असतात, एवढाच तो अर्थ. अनेक कर्करोगांत पाच वर्षे आजार उलटला नाही, तर पुढे तो उलटण्याची शक्यता बरीच कमी होते. म्हणून तो टप्पा धरतात.

दुसरा शब्द स्टेज. फ्रान्सच्या पिएर डेन्वा यांनी १९४३ नंतरच्या काळात टीएनएम ही पद्धत बसवली. टी म्हणजे मूळ गाठ किती मोठी, एन म्हणजे जवळच्या लसिकाग्रंथींत पसरली का, एम म्हणजे दूरच्या अवयवांत गेली का. यावरून पहिली ते चौथी स्टेज ठरते. ग्रेड हा वेगळा शब्द आहे. पेशी किती बिघडलेल्या दिसतात, ते ग्रेड सांगते. ग्रेड तीन म्हणजे तिसरी स्टेज नव्हे. हा गोंधळ फार घरांत रात्रीची झोप घालवतो.

तिसरा शब्द पॉझिटिव्ह. बोलण्यात पॉझिटिव्ह म्हणजे चांगले. रिपोर्टमध्ये कापलेल्या कडा पॉझिटिव्ह असतील तर तेथे अजून कर्करोगाच्या पेशी आहेत, असा अर्थ होतो. निगेटिव्ह कडा ही चांगली बातमी. स्तनाच्या कर्करोगात मात्र हार्मोन रिसेप्टर पॉझिटिव्ह असणे उपचाराच्या दृष्टीने उपयोगी असते, कारण गोळ्यांचा एक पर्याय खुला होतो. म्हणून शब्दावरून अंदाज बांधू नये, अर्थ विचारावा.

चौथा आकडा मध्यकाचा. अकरा जण रांगेत उभे केले, सर्वात कमी जगलेला पहिला आणि सर्वात जास्त जगलेला शेवटी, तर सहाव्याचा काळ हा मध्यक. मध्यक आठ महिने असेल तर निम्मे रुग्ण आठ महिन्यांहून जास्त जगतात, काही तर कितीतरी जास्त. अमेरिकी जीवशास्त्रज्ञ स्टीफन जे गूल्ड यांना १९८२ मध्ये अशाच एका दुर्मीळ कर्करोगाचे निदान झाले. मध्यक होता आठ महिने. ते वीस वर्षे जगले आणि २००२ मध्ये दुसऱ्याच कर्करोगाने गेले. प्रत्येकाचे असे होईल, असा याचा अर्थ नाही. पण आकडा गटाचा असतो, एका माणसाचे भविष्य तो सांगत नाही.

बोलण्याने खरेच फरक पडतो का?

पडतो, आणि त्याचा पुरावा महाराष्ट्रातच आहे. सोलापूर जिल्ह्यातील बार्शीत १९८७ मध्ये देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. शहरी नोंदणी मुंबईत १९६३ पासूनच होती. खेड्यात रुग्ण स्वतःहून रुग्णालयात येईल आणि नोंद होईल, याची वाट पाहून चालणार नव्हते. म्हणून कार्यकर्ते गावोगाव जाऊ लागले. लोकांना भेटून लक्षणे सांगू लागले. पाळी गेल्यावर पुन्हा रक्त दिसणे, अंगावरून दुर्गंधीयुक्त पाणी जाणे, न भरणारी जखम, अशी साधी आणि नेमकी लक्षणे.

१९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले की बार्शी भागात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या स्त्रिया पूर्वीपेक्षा लवकरच्या टप्प्यावर उपचाराला येऊ लागल्या होत्या. या बदलामागे बोलणे होते, आणि ते बोलणाऱ्यांना स्त्रियांना समजेल अशा शब्दांत कसे बोलायचे हे कळत होते.

खानोलकरांनी परळमध्ये जो येईल तो मोजला. बार्शीने जो येत नाही त्याच्या घरी जाऊन मोजले. मोजता मोजता बोलणे झाले आणि बोलण्याने मोजमापच बदलले.

नंदुरबारसाठी याचा अर्थ काय?

तोंडाच्या कर्करोगाची सुरुवात उघड्या डोळ्यांनी दिसते. पोटातल्या गाठीसाठी मोठे यंत्र लागते, तोंडासाठी आरसा आणि उजेड पुरतो. पांढरा किंवा लाल चट्टा, दोन-तीन आठवड्यांत न भरणारी जखम, तोंड पूर्वीइतके न उघडणे, तिखट लागताच जळजळ, मानेत न दुखणारी गाठ, यातले काहीही असेल तर डॉक्टरला दाखवावे. तोंड कमी उघडण्यामागे बहुधा सुपारी असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने तंबाखूविना खाल्लेल्या सुपारीलाही कर्करोगकारक ठरवले आहे. राज्यात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, पण सुपारी आणि तंबाखू वेगवेगळ्या पुड्यांत घेऊन एकत्र केली की शरीराच्या दृष्टीने काहीच बदलत नाही.

रिपोर्ट हातात आला की हे विचारा

एक : हा कर्करोग आहे का, आणि निदान पक्के आहे का? शंका असल्यास त्याच काचपट्ट्या आणि मेणाचे ठोकळे घेऊन दुसरीकडे मत घेता येते. ते मागून घ्या, जपून ठेवा.

दोन : कुठली स्टेज? अजून कोणत्या तपासण्या झाल्यावर ती ठरेल?

तीन : उपचार बरे करण्यासाठी आहेत, आजार लांबवण्यासाठी आहेत की त्रास कमी करण्यासाठी? तिन्ही उपचारच आहेत, पण घरचे निर्णय या उत्तरावर अवलंबून असतात.

चार : माझ्यासारख्या शंभर रुग्णांत या उपचाराने साधारण किती जणांना फायदा होतो? टक्क्यांपेक्षा शंभरातली माणसे डोळ्यांसमोर येतात.

पाच : कोणता त्रास होईल, किती दिवस राहील आणि कशासाठी ताबडतोब यायचे? केमोनंतर ताप आला तर वाट पाहायची नसते.

सहा : खर्च किती आणि महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत काय बसते?

प्रश्न कागदावर लिहून न्या. बरोबर असा एक जण असू द्या, जो ऐकेल आणि लिहून घेईल. बाहेर पडण्यापूर्वी काय समजले ते डॉक्टरांना आपल्या शब्दांत परत सांगा. चूक असेल तर तेथेच दुरुस्त होते. डॉक्टरांनीही हे सांगायला लावावे. त्याला दोन मिनिटे लागतात.

नवी मुंबईत खारघरला टाटा मेमोरियल सेंटरच्या संशोधन संकुलात एका इमारतीला ‘खानोलकर शोधिका’ असे नाव आहे. नाव मराठी कानाला लगेच कळते. तेथे किंवा शहाद्यात, तपासणी कुठेही होवो, तिच्या शेवटी एक कागद निघतो. त्यावर काय लिहिले आहे, हे तो ज्याचा आहे त्याला त्याच्या भाषेत कळले, की तपासणी पूर्ण झाली असे म्हणता येईल.